पाण्यात रंग टाकला आणि डोंगराची खोली कळली

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं, "दादा, जमिनीखाली जीपीएस चालत नाही, मग गुहा दोन किलोमीटर खोल आहे हे कळतं कसं?" भारी प्रश्न. आज तोच घेऊया.

गोष्ट आहे कॉकेशस पर्वतातली. काळ्या समुद्राच्या काठी अबखाझियात अराबिका नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. त्याच्या पोटात व्हेर्योव्किना गुहा आहे. २०१८ मध्ये तिची खोली २२१२ मीटर नोंदवली गेली. आपलं कळसुबाई समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर. म्हणजे तेवढी उंची खाली मोजत गेलो, तरी तळ अजून अर्ध्या किलोमीटरपेक्षा लांबच!

गुहा म्हटलं की आपल्याला अजिंठा-वेरूळ आठवतं. पण ती लेणी, माणसांनी बेसॉल्टमध्ये कोरलेली. इथे कोरणारं पाणी आहे. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. सोडा वॉटरसारखंच, पण खूप सौम्य. ते चुनखडीच्या भेगेत शिरलं की दगड हळूहळू विरघळतो. भेगेची फट होते, फटीची विहीर होते. एकाखाली एक अशा विहिरींची साखळी तयार होते.

पण ही साखळी किती खाली जाते? माणूस उतरण्याआधीच त्याचं उत्तर मिळालं होतं. १९८४ मध्ये अलेक्झांडर क्लिमचुक यांच्या पुढाकाराने अराबिकावरच्या गुहेतल्या पाण्यात फ्लुरोसीन हा चमकदार रंग सोडला. तो निघाला कुठे? थेट समुद्रकिनाऱ्यावरच्या झऱ्यांमध्ये! आमच्या कामात एखादी रिक्वेस्ट कोणकोणत्या सर्व्हरमधून गेली हे बघायला तिला एक आयडी चिकटवतात. हे अगदी तसंच. वर टाकलं, खाली सापडलं, म्हणजे मधे वाट आहे. आणि वर-खालचा फरक दोन किलोमीटरहून जास्त. त्या वाटेने माणूस २००० मीटरच्या खाली पोहोचला तो २००४ मध्ये, शेजारच्या क्रुबेरा गुहेत. रंगानंतर वीस वर्षांनी!

आता मोजमाप. एका पॉइंटपासून पुढच्या पॉइंटपर्यंत अंतर, दिशा आणि उतार मोजायचा. पुढच्या पॉइंटवर जाऊन परत तेच. अंतर गुणिले उताराच्या कोनाचा साइन, म्हणजे त्या टप्प्याची खोली. शाळेतलं त्रिकोणमितीचं गणित! असे शेकडो तुकडे जोडत जायचं. आज लेझरचं छोटं यंत्र हे तिन्ही आकडे ब्लूटूथने फोनवर पाठवतं आणि अँड्रॉइड ॲपमध्ये नकाशा तयार होतो. गोची एकच: प्रत्येक मापातली बारीक चूक पुढे साचत जाते. म्हणून फेरमोजणीत खोली काही मीटरने बदलते.

पण खरी भीती मोजमापाची नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये ब्रिटिश फोटोग्राफर रॉबी शोन एका टीमबरोबर व्हेर्योव्किनाच्या तळाजवळ होता. अचानक पुराचा आवाज आला. सामान तिथेच टाकून सगळे दोरांवरून वर चढत सुटले. खालचा कॅम्प बुडाला. सगळे वाचले, पण थोडक्यात.

असं का होतं? कारण रंग ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने पूरही येतो. वाळूतून पाणी हळूहळू गाळलं जातं, इथे मात्र ते मोकळ्या पाइपमधून धावतं. म्हणून अशा डोंगरावर आपण वर जे ओतू, मग ते तेल असो, सांडपाणी असो की कचरा, ते फारसं न गाळता खालच्या झऱ्यात येऊ शकतं. आणि झऱ्याचं पाणी कुणीतरी पीत असतं.

तर त्या श्रोत्याला उत्तर: आधी पाण्याने सांगितलं, मग माणसाने मोजलं. अजून प्रश्न असतील तर पाठवा. भेटू पुढच्या भागात!