आघात आणि वाक्य : गॅरी बर्टन यांचा वादनविचार

व्हायब्राफोन या वाद्याची अडचण त्याच्या रचनेतच आहे. धातूच्या सदतीस पट्ट्या, प्रत्येकीखाली अनुनादाची नळी, नळ्यांच्या तोंडाशी विजेच्या मोटारीने फिरणाऱ्या चकत्या आणि नाद खंडित करण्यासाठी पायपट्टी, असे हे यंत्र १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिद्ध झाले. मॅलेट, म्हणजे टोकाशी सूत गुंडाळलेला गोळा असलेली काठी, पट्टीवर पडली की त्या स्वरावरील वादकाची सत्ता जवळजवळ संपते. गायकाप्रमाणे तो फुगविता येत नाही. सतारीप्रमाणे त्यातून मींड काढता येत नाही. अशा वाद्यावर जाझमधील गायनधर्मी वादन कसे साधावे?

मिल्ट जॅक्सन (१९२३–१९९९) यांनी याचे उत्तर मोटारीत शोधले. लायनेल हॅम्प्टन यांच्यापेक्षा चकत्यांची गती पुष्कळ मंद ठेवून त्यांनी यांत्रिक कंपाला कंठातील कंपाचे रूप दिले.

इंडियाना राज्यात १९४३ साली जन्मलेले गॅरी बर्टन यांनी मात्र मोटार बंदच ठेवली. लहान गावातील बालपणात साथीला कोणी नसल्याने वादन पोकळ वाटे. ती पोकळी भरण्यासाठी ते दोन्ही हातांत मिळून चार मॅलेट धरू लागले. त्यामुळे संपूर्ण स्वरसंहती एकट्याच्या आवाक्यात आली. पण त्यांचे खरे वैशिष्ट्य स्वर थांबविण्यात आहे. एक मॅलेट नवा स्वर उमटवीत असता दुसरे आधीच्या पट्टीवर अलगद टेकते. नको असलेला नाद मिटतो, हवा असलेला मागे रेंगाळतो. आरंभानंतर स्वराला वळण देता येत नाही, परंतु त्याचा शेवट ठरविता येतो, आणि वाक्याचा डौल येथे त्या शेवटांवरच उभा राहतो.

बर्टन यांच्या विचारातील भाषेची उपमा या दृष्टीने वाचावी. बॉस्टनच्या बर्कली संस्थेत १९७१पासून तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी अध्यापन केले. २०१३ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. बोलताना माणूस व्याकरण आठवीत नाही. तसेच उत्स्फूर्त वादनातील स्वरयोजना वादकातील एक अबोध 'अंतस्थ वादक' करतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. अभ्यास आधी करावयाचा; रंगमंचावर जाणिवेकडे मुख्यतः ऐकण्याचे काम उरते.

या उपमेवर आक्षेप घेता येईल. भाषेतील वाक्य कशाविषयी तरी असते. स्वरवाक्य कशाविषयी असते? बर्टन यांच्या लेखनात याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. ते शोधावयाचे तर पियानोवादक चिक कोरिया यांच्यासह १९७२ साली ऑस्लो येथे ध्वनिमुद्रित झालेल्या 'क्रिस्टल सायलेन्स'कडे वळावे. दोन्ही वाद्ये स्वरसंहती निर्माण करणारी. ढोल नाही, बास नाही. दोघांनी सर्व काही वाजविले असते तर केवळ गोंगाट झाला असता. म्हणून एकाचे वाक्य उलगडत असता दुसरा स्वर गाळतो, आणि त्याने कोणते स्वर गाळले यावरून त्याने काय ऐकले ते कळते.