वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाई मार्ग

वेस्ट्रे–पापा वेस्ट्रे हवाई मार्ग हा स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील दोन बेटांना जोडणारा हवाई मार्ग आहे. दोन्ही विमानतळांमधील अंतर सुमारे २.७ किमी असून हे जगातील सर्वांत कमी अंतराचे नियमित प्रवासी उड्डाण मानले जाते. लोगनएअर ही कंपनी १९६७ पासून ही सेवा चालवते.

अंतर व प्रवासाचा वेळ

या टप्प्याचा नियोजित वेळ दीड ते दोन मिनिटांचा आहे. स्टुअर्ट लिंकलेटर या वैमानिकाने तो ५३ सेकंदांत पार केल्याची नोंद आहे.

मार्गावरील ब्रिटन-नॉर्मन आयलंडर विमानाचा प्रवासवेग ताशी सुमारे २५० किमी असतो. या वेगाने २.७ किमी अंतर ४० सेकंदांच्या आतच संपेल. प्रत्यक्षात मात्र हा वेग सलग गाठला जात नाही; विमान उंची घेते न घेते तोच त्याला उतरण्याची तयारी करावी लागते. विमाने शक्यतो वाऱ्याला सामोरी जात उडतात व उतरतात. त्यामुळे पाठीमागून येणारा वारा वेग वाढवत असला तरी उतरताना वळसा घ्यावा लागल्यास वाचलेला वेळ खर्ची पडतो. थोडक्या अंतरावर असा एक वळसाही प्रवासाचा वेळ दुप्पट करू शकतो. अंतराला वेगाने भागण्याचे शालेय गणित म्हणूनच इथे फारसे उपयोगी पडत नाही. धावपट्टीपर्यंत जाण्याचा व प्रवाशांच्या चढउताराचा वेळ आणखी वेगळा.

सेवेचे कारण

इतक्या जवळच्या बेटांमध्ये विमान कशासाठी, हा प्रश्न नकाशा पाहिल्यावर सुटतो. ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल हे दोन्ही विमानतळांपासून सुमारे ४४ किमी दूर आहे. कर्कवॉलहून एका बेटावर आलेले विमान आणखी २.७ किमी गेले की दुसऱ्या बेटाचीही सोय होते. म्हणजे हा विक्रमी टप्पा स्वतंत्र मार्ग नसून मोठ्या फेरीचा एक भाग आहे.

२०११ च्या जनगणनेनुसार पापा वेस्ट्रेची लोकसंख्या सुमारे ९०, तर वेस्ट्रेची सुमारे ५९० होती. एवढ्या प्रवाशांवर कोणतीही विमानसेवा नफ्यात चालणे कठीण असल्याने ती ऑर्कनी आयलंड्स कौन्सिलच्या सार्वजनिक सेवा करारान्वये, अनुदानाच्या आधारे चालवली जाते. शिक्षक, आरोग्य कर्मचारी आणि उपचारांसाठी कर्कवॉलला जाणारे रुग्ण तिचा नियमित वापर करतात. दोन्ही बेटांदरम्यान प्रवासी होडीही चालते. तिला सुमारे २५ मिनिटे लागतात.

विमानात आठ प्रवाशांची सोय असून वैमानिक एकच असतो, त्यामुळे त्याच्या शेजारच्या आसनावरही प्रवासी बसू शकतो. पर्यटकांपैकी अनेक जण केवळ या उड्डाणासाठी येतात व त्यांना प्रमाणपत्रही मिळते. पापा वेस्ट्रेवरील नॅप ऑफ हॉवर ही पाच हजार वर्षांहून जुनी दगडी घरे उत्तर युरोपातील सर्वांत प्राचीन उभ्या घरांमध्ये गणली जातात.