अर्ज यंत्राने नाकारला तर?

ईट हे धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील एक गाव. समजा, तेथील एका मुलीने पदवी घेतल्यावर पुण्याच्या एका कंपनीकडे नोकरीसाठी अर्ज पाठविला. जागा दहा आणि अर्ज आठ हजार! ते सगळे वाचणार कोण? म्हणून आज पुष्कळ कंपन्या ही पहिली चाळणी संगणकाकडे सोपवितात. मुलीच्या जुन्या दाखल्यावर जिल्हा ‘उस्मानाबाद’ आहे आणि अर्जात ‘धाराशिव’, कारण जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले. कारकुनाला हे ठाऊक असते. यंत्राला कोणी सांगितले नसेल, तर त्याच्या लेखी ही दोन निरनिराळी ठिकाणे ठरतील. अशी चूक सापडली की दुरुस्त करता येते. खरी अडचण याहून खोल आहे.

यंत्र निवड करायला शिकते कसे? पूर्वी कोणाला घेतले आणि कोणाला नाकारले, याच्या नोंदी त्याला पुरवितात. निवड झालेल्यांत ज्या खुणा वारंवार आढळतात, त्यांना ते अधिक वजन देते. न्याय-अन्याय त्याला कळत नाही. ते जुन्या परीक्षकांची नक्कल करते.

याचे जुने उदाहरण लंडनच्या सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयाचे आहे. प्रवेश-अर्जांच्या छाननीसाठी तेथे १९७९ मध्ये संगणकाची आज्ञावली तयार झाली. तिचे निर्णय परीक्षकांच्या निर्णयांशी ९० ते ९५ टक्के जुळत, म्हणून १९८२ पासून पहिली छाननी पूर्णपणे तिच्याकडे गेली. पण ‘जुळणे’ म्हणजे ‘योग्य असणे’ नव्हे! उमेदवाराचे नाव युरोपीय नसेल तर आज्ञावली त्याचे १५ गुणांचे नुकसान करी. स्त्री असण्याचाही तोटा होई. १९८६ मध्ये तेथील डॉ. जो कॉलिअर व डॉ. अ‍ॅग्री बर्क यांनी हे वंशसमानता आयोगाच्या नजरेस आणले आणि १९८८ मध्ये आयोगाने महाविद्यालयाला दोषी ठरविले. दरवर्षी सुमारे ६० जणांची मुलाखत यामुळे हुकली असावी. गंमत अशी, की हा पूर्वग्रह परीक्षकांच्या मनात आधीपासूनच होता. तो आज्ञावलीत आकड्यांनी लिहिला गेला, म्हणून पकडता आला.

आपल्याकडे नावावरून असे होत नाही, असे कोणी म्हणू नये. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००५ पासून ६६ आठवडे वर्तमानपत्रांतील ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. पात्रता सारखीच, फक्त नावे वेगळी. उच्चवर्णीय हिंदू नावाला बोलावणे येण्याचे संभव-गुणोत्तर १ मानले, तर दलित नावाला ते ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३ भरले. हे निर्णय माणसांचे होते. अशा नोंदी यंत्राला धडा म्हणून दिल्या, तर ते काय शिकेल?

नाव झाकून ठेवले की काम भागले, असे वाटेल. तसे होत नाही. अ‍ॅमेझॉन कंपनीने २०१४ पासून बनवायला घेतलेले एक यंत्र ‘महिलांचा’ हा शब्द असलेले अर्ज खाली ढकलत होते, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कंपनीने ते सोडून दिले. गाव, महाविद्यालय, शिक्षणाचे माध्यम यांवरूनही यंत्र नाव न वाचता माणूस ‘ओळखू’ शकते. शिवाय आजच्या यंत्रातील असंख्य आकडे उघडून वाचले, तरी कारण सहज सापडत नाही. मग तपासायचे ते त्याचे निकाल.

ही तपासणी वर्गात फळ्यावरही करता येईल. समजा, २०० मुलांपैकी ६० आणि १०० मुलींपैकी १८ जणींची निवड झाली. प्रमाण ३० टक्के आणि १८ टक्के. १८ भागिले ३० म्हणजे ०.६. अमेरिकेच्या १९७८ च्या मार्गदर्शक नियमानुसार हा भागाकार ०.८ पेक्षा कमी आला, तर पक्षपाताचा संशय घ्यावा. (संशय म्हणजे पुरावा नव्हे, पुढे चौकशी हवी.) थोरातांची रीतही यंत्राला लावता येते : अर्ज तोच, फक्त आडनाव बदलून पुन्हा द्यायचा आणि गुण बदलतात का ते पाहायचे.

न्यूयॉर्क शहरात २०२३ पासून अशी यंत्रे वापरणाऱ्यांना दरवर्षी बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी लागते आणि उमेदवारालाही तसे कळवावे लागते. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने ही यंत्रे अधिक जोखमीची मानून, त्यांचा निर्णय फिरवू शकेल असा जाणता माणूस देखरेखीस ठेवण्याची अट घातली. ती टप्प्याटप्प्याने लागू व्हायची आहे. भारतात नोकरभरतीच्या यंत्रांसाठी असा स्वतंत्र कायदा अद्याप नाही. घटनेचे कलम १६ सरकारी नोकऱ्यांतील समान संधीची हमी देते. पुण्याच्या त्या खासगी कंपनीच्या संगणकापर्यंत ते पोहोचत नाही.