‘फक्त १ रूम शिल्लक’ : अलिबागची ती रूम जाते कुठे?

लोकलमध्ये ऐकत असाल तर इअरफोन नीट बसवा, आज थोडा हिशेब आहे.

डिसेंबरातला शनिवार. आई-बाबांना घेऊन मी अलिबागला निघालो. कांदिवलीहून चर्चगेट, गेटवेवरून मांडव्याची बोट, पुढची बस बोटीच्याच तिकिटात. बाबांचे गुडघे दुखतात म्हणून तळमजल्यावरची एसी रूम घेतलेली, पैसे ॲपवर आधीच भरलेले. काउंटरवरच्या काकांनी रजिस्टर चाळलं आणि म्हणाले, "साहेब, तुमचं बुकिंग आमच्याकडे आलेलंच नाही. हाऊसफुल्ल आहे." आई बॅग मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती. एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे राग आला तरी काय झालं असेल ते लगेच कळलं. समजा, हॉटेलात २० रूम आहेत. त्याच २० रूम तीन-चार ॲपवर, हॉटेलच्या फोनवर आणि दारात गाडी थांबवून "रूम आहे का?" विचारणाऱ्यांना, अशा सगळीकडे एकाच वेळी विकायला ठेवलेल्या असतात. एक रूम गेली की बाकी सगळीकडे आकडा एकने कमी व्हायला हवा. त्यासाठी चॅनल मॅनेजर नावाचं सॉफ्टवेअर असतं. मोठ्या हॉटेलांत ते आपोआप चालतं. आपल्या बजेटमधल्या हॉटेलात बरेचदा एखादा माणूसच मोबाईलवर आकडे बदलतो, आणि शनिवारी सकाळी तो माणूस नाश्त्याच्या ऑर्डरी घेत असतो. तेवढ्यात एकच रूम दोघांना विकली जाते. आमच्या भाषेत याला रेस कंडिशन म्हणतात. रेल्वेत खिडकीवर तिकीट काढा नाहीतर मोबाईलवर, सीटचा हिशेब एकाच सिस्टिममध्ये लागतो, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

आणि ते लाल अक्षरातलं ‘फक्त १ रूम शिल्लक’? त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की त्या ॲपच्या वाट्याची एक उरलीय. हॉटेलात पाच रिकाम्या असू शकतात. घाबरून बुक करू नका.

बुक केल्यावर मात्र मॅपवरून हॉटेलचा नंबर काढून फोन कराच. "माझ्या नावावर रूम लावलीय का, कुठल्या मजल्यावर, लिफ्ट आहे का," एवढं विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर मागून घ्या. लेखी असलं की काउंटरवर आवाज चढवावा लागत नाही.

भाडं विचारताना टॅक्स धरून की सोडून, तेही विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७५०० रुपयांपर्यंतच्या रूमवर जीएसटी ५ टक्के आहे, आधी १२ होता. त्याच्या वर गेलात की थेट १८. म्हणजे ७५०० ची रूम ७८७५ ला पडते आणि ७६०० ची ८९६८ ला. शंभर रुपयांची महाग रूम, खिशातून १०९३ जास्त! त्यामुळे आकडा ७५०० च्या जरा वर दिसला तर घासाघीस करायला लाजू नका.

आमचं पुढे काय झालं? त्या काकांनीच फोन फिरवून वरसोलीत रूम मिळवून दिली. साधी, पण स्वच्छ आणि तळमजल्यावर. ॲपकडून पैसे परत यायला नऊ दिवस लागले.

दुसऱ्या दिवशी कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला ओहोटीला चालत गाठता येतो. ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. शनिवारी ११ ला असेल तर रविवारी पावणेबाराच्या पुढे, आणि चेक-आउट असतं १० ला! म्हणून बॅगा काउंटरवर ठेवता येतील का, हेही आधीच विचारून घ्या. आम्ही ठेवल्या. बाबा घोडागाडीतून किल्ल्यापर्यंत गेले, मी आणि आई चप्पल हातात घेऊन मागून चालत.

पुढच्या भागात भाऊच्या धक्क्यावरची रो-रो : गाडी घेऊन जाणं खरंच परवडतं का?