एलेव्हेटरची तार

एनसीसीच्या हवाई शाखेतले छात्र एरोमॉडेलिंग शिकतात. रिमोटच्या विमानाचं नाक वर-खाली होतं ते शेपटीवरच्या एलेव्हेटर या हलत्या पट्टीमुळे. सर्वो मोटर ती तारेने हलवते. आधी रिमोट चालू करून ट्रिम (पट्टीच्या मूळ स्थितीची बारीक जुळणी) शून्यावर आणावा, मगच सर्वोचा दांडा तारेशी काटकोनात बसवावा. पट्टीवरच्या हॉर्नचं, म्हणजे तार जोडायच्या खुंटीचं, भोक बिजागरीच्या बरोबर रेषेत हवं, नाहीतर वर-खालची हालचाल असमान होते. मला सर्वांत धोक्याची वाटते ती लांब, बारीक तार. जमिनीवर ती ठीक दिसते. वेगात मात्र हवेच्या दाबाने वाकते आणि सूर मारलेलं विमान वर येत नाही. तिला मध्ये आधार द्याच. उड्डाणाआधी रिमोटची स्टिक मागे ओढून पाहा: पट्टीची मागची कड वरच जायला हवी.