सालच नसलेलं पत्र

समजा, तुमच्या हाती पेशवाईतलं एक मोडी पत्र आलं. कडा उंदरांनी कुरतडलेल्या, घडीवर कागद फाटलेला, मजकूर अर्धामुर्धा लागतो. शेवटी तारीख आहे: भाद्रपद शुद्ध ६, मंगळवार, छ ४ रमजान. आणि साल? सालच नाही!

वैतागू नका. लिहिणाऱ्याला साल घालायचं कारणच नव्हतं. ‘मंगळवारी येतो’ असा निरोप घरी पाठवताना तुम्ही साल लिहिता का? ज्याच्यासाठी पत्र होतं त्याला ते ठाऊक होतं. जुने कागद वाचताना हे पहिल्यांदा लक्षात येतं, की यातलं काहीही आपल्यासाठी लिहिलेलं नाही. आपण दुसऱ्यांची पत्रं वाचतोय.

आता गंमत बघा. हे हरवलेलं साल त्याच ओळीत दडलेलं आहे! ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्यातली तारीख. आपला भाद्रपद चंद्रावर चालतो आणि रमजानही चंद्रावरच. पण आपलं पंचांग दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घालून ऋतूंशी जुळवून घेतं. मुसलमानी पंचांगात ती सोयच नाही, त्यामुळे रमजान ऋतूंमधून फिरत राहतो. परिणाम काय? भाद्रपद आणि रमजान दोन-तीन वर्षं हातात हात घालून चालतात, मग एक अधिक महिना येतो आणि त्यांची जोडी तुटते. ती पुन्हा जमायला साधारण साडेबत्तीस वर्षं लागतात. म्हणजे शंभर वर्षांच्या पेशवाईत आपल्या पत्राला जेमतेम आठ-नऊ सालं उरली.

त्यात वार दिलाय. चांद्रवर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून तीच तिथी पुढच्या वर्षी चार-पाच वारांनी पुढे सरकते. आठ-नऊ सालांपैकी मंगळवार एका-दोन सालांतच पडणार. पत्रात कुणाच्या लग्नाचा, नाहीतर मृत्यूचा उल्लेख असला की तेवढाही संशय फिटतो. कागद फाटका होता, पण त्याच्याकडे तीन साक्षीदार होते: तिथी, वार आणि छ.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की इतिहासावर निबंध लिहायला बसलेल्या माणसाची पहिली तक्रार हीच असते: साधनं अपुरी आहेत. अहो, पुरी कधी होती? खरा प्रश्न आहे तो अपुऱ्या साधनांतून विषय कसा निवडायचा हा. आणि तो निवडायची रीत आपल्या स्वयंपाकघरात रोज चालते. आधी ‘पुरणपोळी करायची’ असं जाहीर करून मग घरात डाळ नाही हे शोधून काढणारी गृहिणी तुम्ही पाहिलीय? ती आधी डबे उघडते, मग बेत ठरवते.

आपण नेमकं उलटं करतो. ‘शिवकालातला राज्यकारभार’ असा भारदस्त मथळा आधी लिहितो आणि मग कागद शोधायला निघतो. रायगड १६८९ मध्ये मोगलांच्या हाती गेला आणि गडावरचं दप्तर आज आपल्याकडे नाही. उलट पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. एका काळासाठी तळहाताएवढा दिवा, दुसऱ्यासाठी लखलखाट. दोन्हीकडे एकाच मापाचा प्रश्न विचारून कसं चालेल?

मग शिवकाल सोडून द्यायचा? मुळीच नाही! पत्राला दोन टोकं असतात. एक टोक जळतं, बुडतं, वाळवीच्या पोटात जातं, आणि दुसरं कुठेतरी शेकडो कोसांवर सुखरूप असतं. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले. त्या दिवसांची मराठीतली रोजनिशी आपल्याकडे नाही. पण महाराजांची व्यवस्था आंबेरच्या कुंवर रामसिंगाकडे होती, आणि त्याच्या पदरचे लोक आग्र्याहून आंबेरला राजस्थानीत पत्रं धाडत होते: महाराज दिसायला कसे आहेत, बरोबर किती माणसं आहेत, दरबारात काय घडलं. मराठी इतिहासातल्या सर्वांत थरारक प्रसंगाची ताजी बातमी आंबेरकरांच्या जयपूरच्या दप्तरात मिळावी, हे नवल नव्हे का?

आता विषय कसा बदलतो पाहा. ‘आग्र्यात महाराजांच्या मनात काय चाललं होतं?’ याला कागद नाही. ‘आग्र्यात महाराजांविषयी रोज काय बोललं जात होतं?’ याला कागद आहे, तोही त्याच आठवड्यात लिहिलेला. प्रश्न थोडासा सरकवला आणि मुका कागद बोलू लागला.

कधी प्रश्न लहान करावा लागतो, अगदी एका दिवसाएवढा. शिवाजी महाराजांचा जन्म नेमका कधी झाला? बखरींवर विसंबून १६२७ साल धरलं जाई. मग भोरजवळच्या कारीच्या जेधे देशमुखांच्या घरातली शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. तिच्यात तिथी होती शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. एकट्या कागदावर किती भरवसा ठेवायचा? पुढे तंजावरला कवींद्र परमानंदाचं ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य सापडलं. तिथी तीच! राजस्थानातल्या कुंडल्यांच्या एका जुन्या संग्रहात महाराजांची कुंडली निघाली. तिचीही तिथी तीच! मावळातला देशमुख, संस्कृत कवी आणि राजस्थानातला ज्योतिषी. या तिघांनी एकत्र बसून ठरवलं असेल, असं कोण म्हणेल?

आणि ज्यांना लिहिताच येत नव्हतं त्यांचं काय? गावात वतनाचा तंटा झाला की पंच बसत, निवाडा होई आणि त्याचा महजर लिहिला जाई. खाली साक्षीदारांच्या निशाण्या. कुणब्यानं नांगर काढलेला, न्हाव्यानं आरसा. त्या माणसाची गोष्ट कुणी लिहून ठेवली नाही, पण त्याचं हत्यार तिथं आहे, त्याच्या सहीच्या जागी! ‘खेड्यातल्या बलुतेदाराला राज्याबद्दल काय वाटत होतं’ या विषयावर तुम्ही अडून बसाल. पण ‘निवाड्याला साक्ष म्हणून कोणाकोणाला बोलावत, आणि कोणाची निशाणी कितव्या जागी येई’ हा विषय घ्या. शंभर महजर मांडीवर घेऊन बसलात, तर गावाची उतरंड तुमच्यासमोर आपोआप उभी राहील. महजर लिहिणाऱ्याला हे सांगायचं नव्हतं. म्हणूनच त्यावर विश्वास ठेवता येतो.

एक खड्डा मात्र जपून ओलांडायचा. कागदात एखादी गोष्ट नाही, म्हणून ती घडलीच नाही, असं म्हणण्याआधी दोन गोष्टी विचारा. ती लिहायची कुणाला गरज होती का? आणि लिहिली असती तर तो कागद कुणी जपला असता का? बारा महिन्यांच्या जमाखर्चात एकाही महिन्यात तेलाचा खर्च नसेल, तर ते खरं मौन, त्याच्यावर निबंध होतो. पण श्रावणाचं पानच फाटलेलं असेल, तर श्रावणात तेल लागलं नाही असा निष्कर्ष काढणारा इतिहासकार नव्हे, उंदराचा वकील!

तेव्हा विषय निवडायला बसलात की आधी हाती असलेले कागद पसरा. ते कुणी, कुणाला, कशासाठी लिहिले ते पाहा. तीच गोष्ट दुसऱ्या टोकाला कोण लिहून ठेवत असेल, ते शोधा. मग त्या कागदांना पेलेल एवढाच प्रश्न विचारा, आणि कोणते कागद मिळाले नाहीत हे पहिल्याच पानावर सांगून टाका. त्यानं निबंध दुबळा होत नाही, वाचकाला पाय कुठे ठेवायचा ते कळतं.

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे गावोगाव वणवण करून असे कागद जमवत हिंडले. १८९८ मध्ये त्यांनी पहिला खंड काढला आणि खंडांची संख्या पुढे २२ वर गेली. इतकं सगळं हाती असताना त्यांनी त्या ग्रंथांना ‘मराठ्यांचा इतिहास’ म्हटलं नाही. नाव दिलं, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’.