फुप्फुसाची दुर्बीण : भिऊ नका, आधी विचारून घ्या

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या कारागिरांना खोकला नवा नाही. पण एक्स-रेत डाग दिसतो, थुंकी तपासून उलगडा होत नाही, आणि डॉक्टर ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेची दुर्बिणीने तपासणी, सांगतात. इथेच गाडी अडते. नळी घातली की दम कोंडतो, असे कोणीतरी सांगितलेले असते. मग माणूस तपासणी टाळतो आणि अंदाजाने औषधे घेत राहतो. क्षय आहे की कर्करोग, हे कळायला उशीर होतो. ठाण उलगडून पाहिल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. मग जिवाचा सौदा अंदाजाने का करावा?

ही भीती जुन्या काळची आहे. १८९७ साली जर्मनीत गुस्ताव किलियन यांनी श्वासनलिकेत अडकलेले हाड काढले, ते धातूच्या ताठ नळीने. १९६० च्या दशकात जपानच्या शिगेतो इकेडा यांनी वाकणारी दुर्बीण आणली. आजची नळी साधारण पाच-सहा मिलिमीटर जाड असते. तिच्या बाजूने हवा जात राहते, श्वास बंद होत नाही. नाक-घसा लिग्नोकेनने बधिर करतात, बोटाला यंत्र लावून रक्तातील ऑक्सिजनवर नजर ठेवतात. खोकला, ठसका येतो. पण तो सोसवतो.

तरीही तकलीफ किती होईल, हे पुष्कळदा आधी झालेल्या बोलण्यावर ठरते. म्हणून आम्ही सांगतो, हे प्रश्न जरूर विचारा : गुंगीचे इंजेक्शन मिळेल काय? नळी नाकातून की तोंडातून? तपासणी चालू असताना बोलता येत नाही, तेव्हा त्रास झाल्यास हाताने कोणती खूण करायची? रक्त पातळ करणारी गोळी, दमा, औषधाची अॅलर्जी असेल तर न लपवता सांगा.

साधारणपणे सहा तास आधी खाणे आणि दोन तास आधी पाणी बंद असते. रुग्णालय सांगेल ती वेळ पाळा. नंतर घशाचा बधिरपणा जाईपर्यंत चहाचा घोटही नको, ठसका लागून तो फुप्फुसात उतरतो. गुंगी दिली असेल तर सोबत माणूस न्या आणि चोवीस तास गाडी किंवा माग चालवू नका. थुंकीत किंचित रक्त, थोडा ताप येऊ शकतो. रक्त वाढले, छातीत दुखले वा दम लागला तर लगेच रुग्णालय गाठा.

कारखानदार बंधूंनो, कारागिराला त्या दिवसाची भरपगारी सुटी द्या. रोज बुडेल या भीतीनेही पुष्कळ तपासण्या राहून जातात.